लष्करी भात आणि मुलकी कोंबड्या

प्रशासनाच्या इतिहासात कोंबडीला फारसे स्थान मिळालेले नाही. जमीनमहसूल, दुष्काळ, कालवे आणि रेल्वे या विषयांवर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. परंतु परसातल्या कोंबडीपुढे रोज संध्याकाळी जी मूठभर कणी टाकली जाते, तिची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही. हिशेबात नसलेली गोष्ट फुकट असते, असे मानण्याची आपल्या शासनव्यवस्थेला जुनी सवय आहे. ही सवय किती महाग पडते, हे त्या मुठीच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

महाराष्ट्राबाहेर, आणि आता देशाबाहेरही, राहणारे काही मराठी वाचक घरामागे चार-सहा कोंबड्या पाळू लागले आहेत. पिलांना काय घालावे, अंड्यावर आलेल्या कोंबडीला काय घालावे, हे त्यांचे साधे, व्यावहारिक प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे या लेखात पुढे येतीलच. मात्र ती उत्तरे तशी का आहेत, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कोंबडी माणसाकडे आली तीच मुळी दाण्यासाठी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेले असून त्यांचा काळ साधारण इ.स.पू. १६५० ते १२५० असा येतो. त्या प्रदेशात भात आणि भरडधान्यांची शेती स्थिरावली, सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या झाडावरून खाली उतरल्या आणि वस्तीच्या कडेला राहू लागल्या, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. म्हणजे माणूस आणि कोंबडी यांच्यातला करार आरंभापासूनच उरल्यासुरल्यावर बेतलेला होता. तुमचे सांडलेले माझे, माझे अंडे तुमचे. हा करार तीन हजारांहून अधिक वर्षे बिनबोभाट चालला. तो मोडतो केव्हा, हे प्रथम लक्षात आले ते जावा बेटावर, एका लष्करी इस्पितळाच्या आवारात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच सरकारला बेरीबेरी या रोगाने हैराण केले होते. सुमात्रातील आचे प्रांतात लढणाऱ्या सैनिकांचे पाय लुळे पडत, हृदय सुजे आणि माणसे दगावत. रोगजंतूंच्या शोधांचा तो काळ असल्यामुळे याही रोगामागे एखादा जंतू असणार, असे गृहीत धरून १८८६ मध्ये एक शास्त्रीय पथक पाठवण्यात आले. त्या पथकासोबत आलेला तरुण लष्करी वैद्य क्रिस्तियान आइकमन पुढे बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता, येथील प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. प्रयोगासाठी त्याने कोंबड्या बाळगल्या होत्या. १८९० च्या आसपास एके वर्षी जुलै महिन्यात त्या कोंबड्यांना, रोगाची लस टोचलेल्यांना आणि न टोचलेल्यांनाही, सारखाच विकार जडला. त्या लंगडू लागल्या, कोलमडू लागल्या, मरू लागल्या. नोव्हेंबरअखेरीस मात्र विकार जसा आला तसाच आपोआप नाहीसा झाला.

चौकशीअंती उलगडा झाला तो शास्त्रीय उपकरणांनी नव्हे, तर कारकुनी तपशिलाने. प्रयोगशाळेतल्या सेवकाने काटकसर म्हणून १७ जूनपासून कोंबड्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला शिजवलेला भात घालायला सुरुवात केली होती. हा सैनिकांसाठी रांधलेला, सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा भात होता. पुढे मुदपाकखान्यातला आचारी बदलला. लष्करी खर्चाचा भात मुलकी कोंबड्यांना देता येणार नाही, अशी नव्या आचाऱ्याने हरकत घेतली. २७ नोव्हेंबरपासून कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. ही हकीकत आइकमनने स्वतः, पुढे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिलेल्या भाषणात, नमूद केली आहे.

लेखाशीर्ष सांभाळणाऱ्या त्या आचाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. माझ्यासारख्या आयुष्यभर लेखाशीर्षांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते, हे मी लपवणार नाही. परंतु या प्रसंगाचा खरा बोध वेगळाच आहे. सेवकाच्या दृष्टीने भात म्हणजे भात होता. फुकट मिळणारा तो बचतीचा. आचाऱ्याच्या दृष्टीनेही भात म्हणजे भातच होता. फक्त तो दुसऱ्या खात्याचा होता. त्या भातातून काय काढून टाकले गेले आहे, हा प्रश्न दोघांच्याही हिशेबात नव्हता. तो प्रश्न कोंबडीने उपस्थित केला.

आइकमनचा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पांढऱ्या तांदळात काही विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असे तो मानत होता. त्याचा सहकारी फोर्डरमन याने जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांच्या या पाहणीचा अहवाल १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सडलेला तांदूळ दिला जात होता तिथे सरासरी ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होत होती; जिथे कोंड्यासकट तांदूळ होता तिथे हे प्रमाण दहा हजारांत एक इतके अल्प होते. १९०१ मध्ये खेरीत ग्राइन्स याने नेमके निदान केले, की तांदळात विष नाही, उणीव आहे. कोंड्याप्रमाणेच मूग घातले तरी कोंबड्या बऱ्या होतात, हेही त्याने दाखवले. १९१२ मध्ये कासिमिर फुंक याने अशा द्रव्यांना 'व्हिटामाइन' हे नाव दिले. १९२६ मध्ये जावातच तांदळाच्या कोंड्यातून ते द्रव्य, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले.

भारताचा या कथेशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडे बेरीबेरीचा मुख्य पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावर होता, कारण तिथे न उकडलेला तांदूळ सडून खाण्याची चाल पडली होती. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी याच प्रश्नावर काम केले. त्यांच्या बेरीबेरी चौकशीतून वाढलेली संस्थाच पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली. बंगाल, केरळ, कोकण आणि गोवा या भातखाऊ प्रदेशांत मात्र हा रोग तितका फैलावला नाही, कारण तिथे उकडा तांदूळ खाल्ला जाई. भात तुसासकट उकडल्याने कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि नंतर कांडले तरी बरेचसे टिकते. ज्या घरात कांडण होई, त्या घरात कणी आणि कोंडा अंगणातच उरे. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' असे आपण दारिद्र्याच्या संदर्भात म्हणतो खरे. पण त्या कोंड्यावर पोसलेली अंगणातली कोंबडी पुष्कळदा त्या घरातल्या माणसांपेक्षा अधिक समतोल आहार घेत असे.

नंतर गावोगाव भाताच्या गिरण्या आल्या. बायकांच्या हातातले मुसळ सुटले, आणि ते सुटायलाच हवे होते. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचा अधिकार ज्यांनी कधी कांडण केले नाही त्यांना नाही. परंतु मुसळाबरोबर कोंडाही अंगणातून गेला. तो गिरणीत राहिला आणि तिथून तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे वळला. सरकारी दुकानातून येणारा तांदूळ तर सडून, पाखडून, पोत्यात भरूनच येतो. आता २०२१ मध्ये सरकारने योजनांतल्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा माणसाच्या ताटातल्या उणिवेचा विचार निदान झाला. कोंबडीच्या ताटातल्या उणिवेचा विचार कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. घरात तेवढेच तांदूळ शिजतात, तेवढाच भात उरतो, आणि कोंबडीला 'पूर्वीसारखेच' घातले जाते. बटाव्हियातल्या सेवकालाही तसेच वाटत होते.

विसाव्या शतकात कोंबडीच्या आहाराचे शास्त्र झपाट्याने वाढले. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला आणि ऊन न मिळताही पिलांचे पाय वाकू नयेत याची सोय झाली. १९४८ मध्ये ब-१२ हाती आले. निव्वळ वनस्पतिज खाद्यावर पिले का खुरटतात आणि शेणात, उकिरड्यात, जुन्या भुश्यात चोची मारणारी कोंबडी का तगते, याचे कोडे त्यामुळे सुटले. उकिरड्यातले सूक्ष्म जीव तिला ते जीवनसत्त्व पुरवत होते. या शोधांचा एक परिणाम असा झाला, की कोंबडीला ऊन, माती आणि किडे यांची गरजच उरली नाही. जे अंगण देत होते ते पोत्यातून देता येऊ लागले आणि कोंबडी पिंजऱ्यात गेली. या बदलाला नावे ठेवणे सोपे आहे. पण १९५०-५१ मध्ये भारतात माणशी वर्षाला सुमारे ५ अंडी मिळत होती, ती २०२३-२४ मध्ये १०३ झाली, हे पिंजऱ्यातल्या कोंबडीचे आणि मका-सोयाबीनच्या खाद्याचेच कर्तृत्व आहे.

तरीही अंगणातली कोंबडी संपलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले निघाले, आणि मागच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातल्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. ही वाढ होण्यात सरकारी योजनांचा वाटा आहे. बंगळुरूची गिरिराजा, हैदराबादची वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार झाल्या. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. वनराजा शंभराच्या वर जाते आणि ग्रामप्रिया त्याहून पुढे. अशी पिले 'मदर युनिट'मध्ये चार आठवड्यांपर्यंत वाढवून गरीब कुटुंबांना वाटायची, अशी योजना २००९-१० पासून केंद्र सरकारने राबवली. पहिले चार आठवडे कोणीतरी जबाबदारीने खाऊ घालावे, ही त्यातली कल्पना अगदी योग्य होती. पाचव्या आठवड्यानंतर काय, या प्रश्नाला मात्र कागदावर 'अल्प निविष्ठा' असा एक शब्दप्रयोग होता. त्याचा अर्थ असा, की कोंबडी स्वतःचे पाहून घेईल.

इथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. गावाचा उकिरडा, कुंपणाची कड, मळणीचे खळे, स्वयंपाकघराचे उष्टे हे सारे मिळून एक सामाईक कुरण आहे आणि त्याला मर्यादा आहे. १९९० च्या दशकात श्रीलंकेतल्या संशोधकांनी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अन्नपिशव्या तपासल्या, तेव्हा त्यांत सर्वांत मोठा वाटा घरातल्या उष्ट्या-खरकट्याचा निघाला. त्यावरून निघणारा हिशेब साधा आहे. घराघरांतून जेवढे उरते तेवढ्यावरच गावातल्या कोंबड्यांचे एकूण वजन ठरते. कोंबड्या दुप्पट केल्या म्हणून उष्टे दुप्पट होत नाही. अधिक अंडी देणाऱ्या जातीची भूकही अधिक असते, हे वेगळेच.

पूर्व भारतातल्या एका आदिवासी जिल्ह्यात अशाच एका योजनेच्या पाहणीसाठी मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. लाभार्थ्यांच्या यादीतील एका नावापुढे 'अपयशी' असा शेरा होता, कारण दिलेल्या वीस पक्ष्यांपैकी चौदा महिन्याच्या आत विकले गेले होते. त्या बाईंना कारण विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, "बाबू, हे अंगण सहा कोंबड्यांचं आहे. वीस ठेवल्या तर वीसही उपाशी राहतील." त्यांच्या सहा कोंबड्या धष्टपुष्ट होत्या आणि अंडी देत होत्या. यादीत 'यशस्वी' असलेल्या शेजारच्या घरी अठरा पक्षी जिवंत होते; छातीचे हाड हाताला लागेल असे, आणि अंड्याचा पत्ता नव्हता. संशोधकांनी जो हिशेब अन्नपिशव्या मोजून मांडला तो त्या बाईंनी अंगणाकडे पाहून मांडला होता. आमच्या तक्त्यात मात्र 'वाटलेले पक्षी' आणि 'जिवंत पक्षी' हे दोनच रकाने होते. 'खाद्य' असा रकानाच नव्हता. मी माझ्या अहवालात तो शेरा बदलण्याची आणि तो रकाना वाढवण्याची शिफारस केली. शेरा बदलला गेला. रकान्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती.

आता व्यवहाराकडे वळू. वर सांगितलेल्या इतिहासातून घरच्या कोंबड्यांना खाऊ घालण्याचा एकच मोठा नियम निघतो. आधी उरलेले मोजावे, मग त्यात काय नाही ते पाहावे, आणि तेवढेच विकत आणावे.

पिलांच्या बाबतीत उरल्यासुरल्यावर भिस्त ठेवू नये. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन दिवस तग धरते. म्हणून आधी स्वच्छ पाणी आणि ऊब द्यावी. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, ती पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करावी. पहिले एक-दोन दिवस कागदावर किंवा पसरट ताटलीत मक्याची बारीक भरड टाकावी. त्यानंतर आठ आठवड्यांपर्यंत सुमारे २० टक्के प्रथिने असलेले पिलांचे खाद्य द्यावे. या काळात एक पिलू सगळे मिळून दीड ते दोन किलोच खाते, पण त्याचे पुढचे आयुष्य त्यावर ठरते. गावाकडे पिलांना डालग्याखाली वेगळे खाऊ घालण्याची रीत आहे, ती शास्त्रशुद्ध आहे. नाहीतर मोठ्या कोंबड्या त्यांचा घास पळवतात. आठ आठवड्यांनंतर अंड्यावर येईपर्यंत १६ टक्के प्रथिने पुरतात.

अंड्यावर आलेल्या कोंबडीची गरज निराळी असते. प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. म्हणून तिच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनांबरोबर ३ ते ३.५ टक्के कॅल्शियम हवे. ते न मिळाल्यास ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. घरी मिश्रण करायचे झाल्यास शंभर भागांत ढोबळमानाने मका, ज्वारी किंवा कणी यांची भरड ५० भाग, कोंडा १५, सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड २२, मीठ न लावलेली सुकट ५, शिंपल्यांची भुकटी ७ आणि मीठ व खनिज मिश्रण मिळून १ भाग असे धरावे. हेच खाद्य पिलांना मात्र घालू नये. एवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. बंद जागेतली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी असेल तर संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी ३० ते ५० ग्रॅम दिले तरी भागते. शिंपल्यांची भुकटी वेगळ्या करवंटीत ठेवली तर जिला हवी ती कोंबडी हवी तेवढी खाते. दात नसल्यामुळे पेषणीत दाणे दळण्यासाठी बारीक खडे लागतात. बंद जागेत ठेवलेल्या कोंबड्यांना तेही पुरवावेत.

वर्ज्य गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळाव्यात. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा पेंड कधीही घालू नये. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले, ते अशाच बुरशीच्या विषाने. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते होते. त्या घटनेतूनच अफ्लाटॉक्सिन जगाला माहीत झाले. माणसाने टाकून दिलेले कोंबडीला चालते, ही समजूत इथे प्राणघातक ठरते. कच्चे सोयाबीन पचत नाही, ते भाजलेले किंवा पेंडीच्या रूपातच द्यावे. अमेरिकेतल्या वाचकांनी ॲव्होकाडोची साल आणि बी टाळावी. ब्रिटनमधल्या वाचकांनी तर कायदाही लक्षात घ्यावा. २००१ च्या लाळ्या-खुरकुत साथीनंतर तिथे घरच्या स्वयंपाकघरातून गेलेले उष्टे परसातल्या कोंबड्यांना घालण्यासही बंदी आहे. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात अंडी कमी होतात ती बहुधा खाद्यामुळे नव्हे, तर दिवस लहान झाल्यामुळे. तेव्हा उगाच खुराक वाढवू नये.

माझ्या सेवेतल्या तरुण सहकाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. पक्षी वाटपाची फाइल समोर आली, की किती पिले द्यायची हे ठरवण्याआधी त्या वस्तीत किती घरे भात कांडतात आणि किती विकतचा आणतात, कोंडा कुठे जातो, आणि कोंबड्यांना खाऊ घालणारी बाई दिवसातले किती तास मजुरीवर असते, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे जिल्हा कार्यालयात मिळत नाहीत, अंगणात मिळतात. वीसऐवजी सहा पिले दिली आणि उरलेल्या पैशांत पेंड आणि शिंपल्यांची भुकटी दिली, तर वाटपाचा आकडा लहान दिसेल. पण त्या घरातल्या मुलाला आठवड्यातून तीन दिवस अंडे मिळेल. योजना काढली होती ती त्यासाठीच.